पहिला अल्बम आणि कॉपीचा शिक्का: ग्रेटा व्हॅन फ्लीटचं प्रकरण सोप्या भाषेत

भाचा नुकताच रॉक ऐकायला लागलाय. ग्रेटा व्हॅन फ्लीट नावाचा अमेरिकन बँड त्याला जाम आवडतो, आणि परवा त्यांच्याबद्दल वाचायला गेला तर पार गोंधळून माझ्याकडे आला. म्हणे मामा, ऑक्टोबर २०१८ मध्ये यांचा पहिला अल्बम आला, त्याला पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटने दहापैकी १.६ मार्क दिले, तरी तोच अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, यादीत तिसऱ्या नंबरवर आला, आणि वर चार महिन्यांत यांना बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी पण मिळालं, मग हे लोक भारी आहेत का भंगार आहेत ते एकदा सांग ना.

तक्रार करणाऱ्यांची तक्रार एकाच शब्दाची आहे, कॉपी. कोणाची, तर सत्तरच्या दशकात गाजलेल्या लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडची. आणि खरं सांगायचं तर मी पण पहिल्यांदा त्यांचं 'हायवे ट्यून' ऐकलं तेव्हा, आधी एकटी गिटार येते, मग ड्रम्स धाडकन येतात, मग गायक ती उंच आरोळी ठोकतो, आणि मी हेडफोन काढून फोनकडे बघितलं, की हे झेपेलिनचं कुठलं गाणं आपलं ऐकायचं राहून गेलं? गाणं २०१७ चं निघालं.

आता कॉपी म्हणजे काय, असर म्हणजे काय, चोरी म्हणजे काय, हे तिन्ही शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो आणि सगळा घोळ तिथे होतो. म्हणून जरा मुळापासून बघू.

आधी दोन-तीन शब्द उरकून टाकू

अल्बम म्हणजे साधारण आठ-दहा गाणी, एकत्र ऐकायची म्हणून काढलेली. ईपी म्हणजे त्याचं धाकटं भावंड, चार-पाच गाण्यांचं. ग्रॅमी मिळालं ते 'फ्रॉम द फायर्स' नावाच्या २०१७ च्या डबल ईपीला, आठ गाण्यांच्या, आणि १.६ मिळाले ते २०१८ च्या 'अँथम ऑफ द पीसफुल आर्मी'ला, हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम. म्हणजे भाच्याच्या गोंधळातला अर्धा इथेच सुटतो, मार्क एकाला आणि बक्षीस दुसऱ्याला. पण उरलेला अर्धा तसाच राहतो, कारण आवाज दोन्हीकडे तोच आहे.

तिसरा शब्द रिफ. गिटारचा छोटासा तुकडा, जो गाण्यात फिरून फिरून येतो आणि ज्यावरून गाणं ओळखू येतं. तबल्याचा ठेका आणि गाण्याचं धृपद यांचं मिश्रण समजा, कामापुरतं चालेल.

बँडची पण ओळख करून देतो. मिशिगन राज्यातलं फ्रँकनमुथ नावाचं छोटं गाव, तिथले किस्का आडनावाचे तीन भाऊ, जॉश गातो, त्याचा जुळा जेक गिटार वाजवतो, धाकटा सॅम बेस, म्हणजे खर्जातली गिटार, आणि कीबोर्ड, आणि ड्रम्सवर मित्र डॅनी वॅगनर. अल्बम आला तेव्हा जुळे २२ वर्षांचे होते आणि बाकी दोघं १९. बँडचं नाव गावातल्या एका आजींचं, त्यातलं एक अक्षर फक्त गाळलंय.

हा आवाज मुळात आला कुठून

रॉकचं मूळ ब्लूजमध्ये. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी डेल्टा आहे, तिथल्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांचं हे गाणं. याची बांधणी इतकी साधी आहे की एका परिच्छेदात सांगता येते. बारा मात्रा नाही हं, बारा बार, म्हणजे बारा आवर्तनं समजा, आणि त्यात तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांचे गुच्छ, फिरतात, एक 'सा'वर उभा, एक 'म'वर, एक 'प'वर. संपलं की परत पहिल्यापासून. सूर बहुतेक पाच, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, आपल्याकडे धानी राग ऐकला असेल तर हे पाच ओळखीचे वाटतील. आणि गंमत गंधारात आहे, तो धड कोमल नाही धड शुद्ध नाही, गिटारवाला तार बोटाने वर ढकलून त्याला मधेच कुठेतरी लटकवतो, सतारवाला मींड घेतो तसंच काहीसं. त्या लटकलेल्या सुरात सगळं दुःख असतं.

ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपी सोडून शिकागोला आला. तिथल्या गोंगाटाच्या क्लबात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून इलेक्ट्रिक हातात घेतली, आणि ब्लूजला तो करकरीत आवाज मिळाला. ते रेकॉर्ड्स समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचले. १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर कीथ रिचर्ड्सला एक ओळखीचा मुलगा दिसला, लहानपणी एका शाळेत होते दोघं, त्या मुलाच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड्स होत्या, म्हणून हा बोलायला गेला. मुलगा म्हणजे मिक जॅगर. पुढे त्यांनी बँड काढला त्याचं नावही मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून घेतलं, रोलिंग स्टोन्स.

आणि १९६८ मध्ये त्याच इंग्लंडात गिटारवाल्या जिमी पेजने लेड झेपेलिन उभा केला. म्हणजे मिसिसिपी, शिकागो, लंडन, आणि तिथून पन्नास वर्षांनी घरातल्या जुन्या रेकॉर्ड्समधून मिशिगनच्या पोरांकडे. गाणं सासरी जाऊन, इंग्लिश कपडे घालून परत माहेरी आलं असं म्हणा.

मग 'सेम टु सेम' वाटतं ते नक्की काय

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, त्यामुळे जरा हळू जातो.

आपण गाणं ऐकतो तेव्हा चाल सगळ्यात आधी कानात शिरते असं वाटतं, पण तसं होत नाही. आधी शिरतो तो पोत. फोनवर आईने नुसतं 'हॅलो' म्हटलं की कळतं ना आई आहे म्हणून? तिने काय शब्द वापरले याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. गाण्यातही तसंच, गायकाच्या गळ्याची जात, गिटार किती फाटलेली वाजते, ड्रम्स खोलीत किती घुमतात, हे पहिल्या पाच सेकंदात कळतं आणि मेंदू शिक्का मारून मोकळा होतो. जॉश किस्काचा गळा झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लँटच्या इतका जवळचा आहे की शिक्का झेपेलिनचाच बसणार. खुद्द प्लँटने २०१८ मध्ये एका मुलाखतीत हे लोक म्हणजे लेड झेपेलिन वनच, म्हणजे झेपेलिनचा पहिला अल्बमच, आहेत असं म्हटलं होतं, आणि गायकाचा आपल्याला राग येतो असंही बोलला, अर्थात हसत हसत.

पण बँडला विचारलं तर यादी वेगळी निघते. जॉश इंग्लिश गायक जो कॉकरचं नाव घेतो आणि झेपेलिन आपल्याला हायस्कूलमध्ये गेल्यावर कळला असं सांगतो. जेकने पेजचा बारकाईने अभ्यास केलाय आणि तो ते लपवत नाही, शिवाय क्लॅप्टन आणि पीट टाउनशेंड हे दोन इंग्लिश गिटारवाले. सॅमला आवडतो जेम्स जेमर्सन, तो मोटाउन कंपनीच्या सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन धाटणीच्या, गाण्यांवर बेस वाजवायचा, रॉकशी त्याचा तसा संबंध नाही. डॅनीकडे झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम आहेच पण गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचा ड्रमर मिच मिचेल पण आहे. आणि त्या ग्रॅमीवाल्या ईपीवर दोन गाणी दुसऱ्यांची आहेत, एक सॅम कुकचं, म्हणजे सोल, आणि एक फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचं, म्हणजे इंग्लिश फोक. झेपेलिनचं एकही नाही.

तर मला असं वाटतं की यांच्याकडे झरे चार-पाच आहेत, पण सगळं पाणी ज्या नळातून बाहेर येतं तो नळ प्लँटसारखा आहे. जेमर्सनचा बेस खाली चाललेला असतो पण वरती जॉश ओरडत असताना तो ऐकतो कोण. हा अल्बमचा दोष आहे का? थोडा आहे. गळा बदलता येत नाही हे मान्य, पण उंच सुरात किंचाळायचं कधी आणि गप्प बसायचं कधी हे तर ठरवता येतं ना, आणि पहिल्या अल्बमवर त्यांनी ते फारसं ठरवलेलं दिसत नाही.

पहिल्याच अल्बममध्ये हे जास्त का दिसतं

कारण बँड सुरू होतो तोच दुसऱ्यांची गाणी वाजवून. हात बसतो तो दुसऱ्याच्या गाण्यावरच, अक्षर गिरवतात तसं. आणि पहिला अल्बम म्हणजे गिरवण्याची वही आणि स्वतःचं अक्षर यांच्या मधलं पान.

बीटल्सचं बघा. ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात त्यांनी पहिल्या अल्बमची दहा गाणी रेकॉर्ड केली. अल्बमवर एकूण १४, त्यातली सहा दुसऱ्यांची, बहुतेक अमेरिकन. लेननला सर्दी झालेली, घसा बसत चाललेला, म्हणून सगळ्यात आरडाओरड्याचं गाणं, आयझ्ली ब्रदर्सनी गाजवलेलं 'ट्विस्ट अँड शाउट', दिवसाच्या शेवटाला ठेवलं आणि पहिल्याच टेकमध्ये घेतलं, तो फाटलेला आवाज आजही ऐकू येतो. रोलिंग स्टोन्सच्या १९६४ च्या पहिल्या अल्बमवर तर बारापैकी फक्त एका गाण्यावर जॅगर-रिचर्ड्स असं नाव आहे. आजच्या फूटपट्टीने मोजलं तर यांना पण १.६ मिळाले असते.

फरक एकच होता, तेव्हा मूळ गाणी बहुतेक श्रोत्यांनी ऐकलीच नव्हती. रेकॉर्ड मिळायला मारामार. आता मूळ आणि नवीन, दोन्ही एका बोटाच्या अंतरावर आहेत, त्यामुळे तुलना लगेच होते. गंमत म्हणजे क्रम उलटा झाला तर निकालही उलटा लागतो. भाच्याला मी झेपेलिनचा पहिला अल्बम लावून दिला, दोन गाणी ऐकली आणि म्हणतो, हे फ्लीटसारखं गातात की.

'पण झेपेलिन ओरिजिनल होता ना?'

ही हरकत सगळ्यात जास्त घेतली जाते, आणि इथे इतिहास जरा चावट आहे.

झेपेलिनचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा, लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत साधारण ३६ तासांत उरकलेला. प्लँट आणि बॉनम तेव्हा जेमतेम २० वर्षांचे. नऊ गाण्यांपैकी दोन शिकागोच्या विली डिक्सन या ब्लूज गीतकाराची, ती त्याच्या नावावर रीतसर दाखवली. पण एक गाणं 'पारंपरिक' म्हणून छापलं, ते प्रत्यक्षात अ‍ॅन ब्रेडन नावाच्या बाईंनी लिहिलेलं निघालं, पेजने ते जोन बाएझ या फोक गायिकेच्या रेकॉर्डवर ऐकलं होतं, आणि ब्रेडनबाईंचं नाव लागायला १९९० उजाडलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूझ्ड' मूळ जेक होम्सचं, १९६७ चं, अल्बमवर नाव मात्र पेजचं. होम्सने २०१० मध्ये दावा लावला, मग तडजोड झाली, आणि आता होम्सपासून प्रेरित अशी ओळ छापतात.

आणि समीक्षक तेव्हा काय म्हणत होते? रोलिंग स्टोन मासिकाने १९६९ मध्ये हा अल्बम धुतला, आणि तक्रार काय होती माहितीये, की हे तर जेफ बेक ग्रुपने आधीच केलंय आणि जास्त चांगलं केलंय. जेफ बेकच्या १९६८ च्या अल्बमवर विली डिक्सनच्या त्या दोन गाण्यांपैकी एक होतं, आणि त्या गाण्यावर ऑर्गन वाजवला होता जॉन पॉल जोन्सने, जो पुढे झेपेलिनमध्ये गेला! म्हणजे ज्यांची कॉपी केली म्हणून आज बोंब आहे, त्यांच्या पहिल्या अल्बमवर पण हाच शिक्का होता.

म्हणून झेपेलिनला चोर म्हणायचं का? नावं न देणं ही चोरीच आहे, त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही, विशेषतः ज्या कृष्णवर्णीय कलाकारांना आयुष्यभर कमी पैसे मिळाले त्यांच्या बाबतीत. पण आवाज? तो त्यांनी बदलला. ड्रम्सपासून माइक लांब ठेवून खोलीचा घुमारा पकडला, जुनं गाणं दुप्पट हळू आणि चौपट जड केलं, शिकागोच्या क्लबात कोणी असं वाजवत नव्हतं.

कोर्ट काय म्हणतं

इथे लोकांना वाटतं की सारखं वाटलं म्हणजे केस. तसं नाही. कॉपीराइट चालीला असतो, शब्दांना असतो, नेमक्या लिहिलेल्या रचनेला असतो. स्टाइलला नाही, ठेक्याला सहसा नाही, गळ्याला तर नाहीच. बारा बारचा ब्लूज कोणाच्याही बापाचा नाही. घराचा नकाशा चोरला तर दावा लावता येतो, पण घराला दार-खिडक्या ठेवल्या म्हणून शेजाऱ्यावर लावता येत नाही.

यातली गाजलेली केस पुन्हा झेपेलिनचीच. स्पिरिट नावाच्या बँडच्या पहिल्या अल्बमवर, १९६८ चा तो, 'टॉरस' म्हणून गाणं आहे, आणि 'स्टेअरवे टु हेवन'ची सुरुवात त्याच्यावरून उचलली असा दावा २०१४ मध्ये लागला. गिटारचे सूर पायरी पायरीने खाली उतरतात ते दोन्हीकडे सारखं वाटतं. २०१६ मध्ये ज्युरीने झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम ठेवला. यातला मजेशीर भाग असा की गाणी सारखी आहेत का हे ठरवायला ज्युरीला 'टॉरस'ची रेकॉर्ड ऐकवलीच नाही, कारण तेव्हा लागू असलेल्या १९०९ च्या कायद्यात संरक्षण फक्त कॉपीराइट ऑफिसात जमा केलेल्या नोटेशनच्या कागदाला होतं. गाणं सारखं आहे का हे कागदावरून ठरवायचं, करा कल्पना.

उलटं उदाहरण पण आहे, लपवत नाही. 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याविरुद्ध सोल गायक मार्विन गेच्या कुटुंबाने केस जिंकली, २०१५ मध्ये, पुढे अपिलातही. ते गाणं चालीपेक्षा वातावरणावरून पकडलं गेलं असं खूप संगीतकारांना वाटलं आणि सगळे घाबरले. तेव्हापासून बरेच लोक गाणं बाहेर काढायच्या आधी वकिलाला ऐकवतात म्हणे.

ग्रेटा व्हॅन फ्लीटकडे या चष्म्यातून बघितलं तर चित्र साफ आहे, त्यांनी गळा, पोत आणि थाट घेतलाय, चाल उचललेली नाही. कायद्याने स्वच्छ. राहिला प्रश्न आवडण्याचा, तो कोर्टात सुटत नाही.

मग काही बँड पहिल्याच फटक्यात वेगळे कसे वाजतात

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथचं उदाहरण घेतो कारण ते मला सगळ्यात आवडतं. हे पण आधी साधा ब्लूजच वाजवायचे. गिटारवाला टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. एकाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, आगीत हात भाजल्यावर दोन बोटांवर गिटार वाजवणारा जॅझवाला. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा बारीक लावल्या. दुसरीकडे बेसवाला गीझर बटलर होल्स्ट नावाच्या इंग्लिश संगीतकाराचं 'मार्स' वाजवत बसायचा, ऑर्केस्ट्राचं, युद्धाच्या देवावरचं. त्यातून बँडच्या नावाच्याच गाण्याचा रिफ सुचला, सा, वरचा सा आणि तीव्र म. हा तीव्र म 'सा'शी भांडतो, कान अस्वस्थ होतो, आणि त्यात पावसाचा आणि घंटेचा आवाज घातला की काम झालं. एका दिवसात रेकॉर्ड केलेला हा अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला, शुक्रवार होता.

ब्लूज, जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय आणि एक अपघात. एकमेकांपासून इतक्या लांबच्या गोष्टी एका भांड्यात पडल्या की त्यातली एकेक ओळखू येत नाही. रोलिंग स्टोन मासिकाला तरीही त्यात क्रीम या बँडची वाईट नक्कलच दिसली, त्यांच्या नशिबाला काय म्हणावं.

ग्रेटा व्हॅन फ्लीटच्या झऱ्यांमध्ये एवढं अंतर नाही. सगळे साठ-सत्तरच्या दशकातले, सगळे एकाच कपाटातले. पुढच्या, २०२१ च्या अल्बममध्ये त्यांनी पसारा वाढवलाय, गाणी लांब झालीत, झेपेलिनपेक्षा सत्तरीतल्या प्रोग रॉककडे, म्हणजे लांबलचक वळणावळणाच्या रॉककडे, जास्त झुकलीत. कपाट तेच आहे पण निदान वेगळा कप्पा.

'मग हा अल्बम ऐकू का नको?'

ऐक की. फक्त असं कर, पहिल्यांदा ऐकताना झेपेलिन येणारच, येऊ दे. दुसऱ्यांदा गायकाकडे लक्ष देऊ नको, खाली बेस काय करतोय ते धर, तिथे सॅम सापडेल. आणि शेवटाकडे एक गाणं आहे ना, 'अँथम', त्यात किंचाळणं जवळजवळ नाही, अकूस्टिक गिटार आणि सगळे मिळून गातात, ते मला अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात त्यांचं स्वतःचं वाटतं. अल्बमचं नाव पण त्यांनी ना झेपेलिनकडून घेतलं ना मडी वॉटर्सकडून. किस्का भावांच्या आजोबांनी एक कविता लिहिली होती, नाव तिच्यातलं आहे.